फोन सहा जणांचा, नाव एकाचंच!

तुमच्या ऑफिसातला एखादा कलीग सुटीवर जाताना तुम्हाला त्याचा पासवर्ड देऊन जातो का हो? ‘जरा मेल बघत जा यार, काही अर्जंट आलं तर रिप्लाय टाक’ असं म्हणत? आमच्याकडं हे सर्रास चालतं. उलट कुणी पासवर्ड दिला नाही, तर ‘काय राव, एवढाही भरवसा नाही?’ असा रुसवा! आपल्याकडं पासवर्ड म्हणजे दोस्तीची पावती. मीही त्याच पंथातला. धंद्यानं आयटी सपोर्टवाला. म्हणजे ‘पासवर्ड कुणालाही सांगू नका’ असं जगाला सांगून पगार घेणारा, आणि स्वतःचा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या दोघांना सांगून मोकळा झालेला.

माझी ही सवय मोडली ती गडचांदूरला.

गडचांदूर कुठं आहे ते सांगतो. नागपूरहून वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर गाठायचं. तिथून बल्लारपूर, मग वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा, आणि राजुऱ्याच्या पुढं गडचांदूर. चंद्रपूरपासून पन्नासेक किलोमीटर. एका बाजूला माणिकगडचे डोंगर आणि जंगल, दुसऱ्या बाजूला चिमण्या. इथल्या जमिनीत चुनखडी आहे, म्हणून इथं सिमेंट आहे. माणिकगड, आवारपूर, उपरवाही ही नावं पुण्या-मुंबईच्या वाचकाला माहीत नसतील, पण त्याच्या फ्लॅटच्या भिंतीत यातलं काहीतरी असू शकतं! रस्त्यावर चोवीस तास ट्रक. कानावर मराठी, हिंदी, तेलुगू आणि मधूनच गोंडी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं गेला तर बातमी होत नाही, तो खाली आला तर होते.

माझं शिक्षण चंद्रपूरचं, नोकरी पुण्याची. त्यामुळं आमच्या एका क्लायंटनं, म्हणजे एका ट्रान्सपोर्टवाल्यानं गडचांदूरच्या साइट ऑफिसात फोन बसवायचे ठरवले, तेव्हा बॉसनं माझ्याकडं बोट दाखवलं. ‘तुझाच एरिया आहे ना? जा!’ आईच्या हातचं दोन दिवस खायला मिळेल, या हिशेबानं मीही खूश.

काम अगदी किरकोळ होतं. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक कूलर. माणसं सहा. ए, बी आणि सी अशा तीन शिफ्ट, प्रत्येकीला दोघं. फोन तीन. टेबलावरचा एक, इंटरनेटवर चालणारा, पुण्याच्या हेड ऑफिसच्या एक्स्चेंजला जोडलेला. आणि दोन मोबाइल. मोबाइलमध्ये कंपनीचं अ‍ॅप. गाडी आली की नंबर टाकायचा, ड्रायव्हरचं नाव टाकायचं, डिझेलचा अ‍ॅडव्हान्स मंजूर करायचा. पूर्वी हे सगळं वहीत व्हायचं.

आता खरं तर सहाही जणांना वेगळं लॉगिन करून द्यायला हवं होतं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा पिन. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, नेटवर्क येत-जात होतं आणि माझी परतीची गाडी त्याच रात्रीची होती. मी शॉर्टकट मारला. तिथले सगळ्यात सीनियर होते एक काका. आधीच्या मॅनेजरांच्या काळापासून ऑफिस सांभाळणारे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, खिशात दोन पेनं. त्यांच्या नावानं एकच लॉगिन केलं, पिन ठेवला १२३४, आणि दोन्ही मोबाइलवर तेच चालू करून दिलं. ‘काका, आता कुणीही वापरा, काही टेन्शन नाही!’ काकांनी मला चहा पाजला. माझे काम वाचलेले चार तास मी घरी वरण-भाकरी आणि वांग्याच्या भाजीत घालवले.

तीन महिन्यांनी काकांच्या पगारातून बारा हजार रुपये कापले गेले.

झालं असं की एका गाडीचा डिझेल अ‍ॅडव्हान्स एकाच रात्री दोनदा मंजूर झाला होता. वेळ रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. मंजूर करणाऱ्याचं नाव काकांचं. पुण्यातल्या अकाउंट्सनं रिपोर्ट पाहिला, नाव पाहिलं, कपात टाकली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा? काका सांगून थकले, की त्यांची ए शिफ्ट. सकाळी सहा ते दुपारी दोन. रात्री एक चाळीसला ते घरी झोपलेले. पुण्याहून उत्तर यायचं, ‘सिस्टिममध्ये तुमचंच नाव आहे.’ या वाक्याला काय उत्तर असतं?

प्रकरण माझ्याकडं आलं ते ‘लॉग काढून दे’ म्हणून. मी लॉग काढला. त्यात अर्थातच सगळीकडं काका. काका सकाळी सहाला, काका दुपारी चारला, काका रात्री तीनला. माझ्या लॉगप्रमाणं हा माणूस तीन महिने झोपलाच नव्हता! तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मीच लावलेला सापळा होता तो.

काकांना शेवटी वाचवलं कशानं माहितेय? वहीनं. जुना हजेरीपट कुणी बंद केला नव्हता. त्यावर त्या दिवशी काकांची दुपारी दोनची सही होती, आणि रात्रपाळीला दुसऱ्या दोघांच्या. त्यातल्या एका पोरानं सांगितलं, की हो, मीच दाबलं होतं ‘मंजूर’. नेटवर्क अडकलं, चक्र फिरत राहिलं, म्हणून परत दाबलं. बस्स. चोरी नाही, लबाडी नाही. पण फोनवर त्याचं नाव नव्हतं, त्यामुळं ज्याची चूक झाली त्यालाच तीन आठवडे ती कळली नाही. आणि ज्याची नव्हती तो तीन आठवडे मान खाली घालून फिरत होता.

पैसे परत मिळाले. मी मात्र पुन्हा गडचांदूरला गेलो. स्वतःहून, बॉसनं न सांगता. काकांची माफी मागितली. म्हटलं, ‘काका, सिस्टिमला कळत नाही ना कोण वापरतंय ते...’

काका चष्मा पुसत म्हणाले, ‘मशिनीले माणूस ओळखू येत नाही, हे मले समजते बाबू. पण तुले तं येत होता नं गा?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला.

तर मंडळी, हा झाला किस्सा. आता थोडा फंडा. कारण आज शेअर्ड फोन फक्त गडचांदूरला नाहीत. हॉस्पिटलच्या वॉर्डात आहेत, गोडाऊनमध्ये आहेत, हॉटेलच्या रिसेप्शनवर आहेत. आणि तुमच्या त्या चकाचक ऑफिसातही आहेत, जिथं ‘हॉट डेस्क’ म्हणून कुणालाच स्वतःची खुर्ची नसते.

पासवर्ड ही चीज चोरांच्या भीतीनं जन्माला आली असं आपल्याला वाटतं ना? चूक! ती आली शेअरिंगमधून. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या टीमनं एकच कॉम्प्युटर अनेकांनी एका वेळी वापरायची सिस्टिम दाखवली. मशीन एक आणि माणसं अनेक म्हटल्यावर प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला हव्यात, म्हणून नाव आणि पासवर्ड. आणि गंमत बघा, १९६२ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली! का? तर त्याला मिळणारा कॉम्प्युटरचा वेळ पुरत नव्हता, म्हणून तो दुसऱ्यांच्या नावावर काम करायचा. म्हणजे ‘नाव त्याचं, काम माझं’ हा घोळ पासवर्डइतकाच जुना आहे.

आपल्याकडची आठवण काढायची तर गिरणगावाची काढू. मुंबईच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार राहायचे. एक पाळी कामावर, तर दुसरी त्याच जागेवर झोपलेली. जागा सगळ्यांची, भिंत सगळ्यांची, पण ट्रंक ज्याची त्याची. आणि तिला कुलूप! त्या कुलपाचा अर्थ ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असा कुणी घेत नव्हतं. उलट कुलूप होतं म्हणून भांडणं होत नव्हती. लॉगिन प्रोफाइल म्हणजे हीच ट्रंक. खोली शेअर करा की, ट्रंक कशाला करता?

ज्यांच्या घरी डायलचा काळा फोन होता त्यांना आणखी एक कुलूप आठवेल. डायलच्या भोकात बसवायचं छोटंसं कुलूप! शेजारपाजारच्यांनी एसटीडी लावून बिल वाढवू नये म्हणून. त्या कुलपाला फक्त ‘कुणी वापरू नये’ एवढंच येत होतं. ‘कुणी वापरलं’ हे सांगणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. एसटीडी-पीसीओच्या बूथमध्येही छापील बिल निघायचं त्यावर नंबर, वेळ आणि रुपये असायचे. बोलणाऱ्याचं नाव कुठंच नाही. तिथं ते चालत होतं, कारण पैसे तिथल्या तिथं मोजले जायचे. ऑफिसात हिशेब महिन्यानं होतो, आणि तेव्हा नाव लागतंच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नेमकं काय केलं ते सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात हे काम पडलं तर उपयोगी येईल.

पहिला टेबलावरचा फोन. हे नवे आयपी फोन एकदम स्मार्ट असतात. तुम्ही त्यावर तुमचा कोड आणि पिन टाकला, की तो फोन ‘तुमचा’ होतो. तुमचा एक्स्टेंशन नंबर, तुमचे सेव्ह केलेले नंबर, तुम्हाला एसटीडी-आयएसडीची परवानगी आहे की नाही, सगळं त्यावर येतं. लॉगआउट केलं की पुन्हा कोरा. नंबर फोनला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो. काका ज्या फोनवर लॉगिन करतील तिथं काकांचा नंबर वाजणार. फक्त एक काळजी घ्यायची. कुणीच लॉगिन नसलं तरी फोनवरून ११२ लागला पाहिजे. मोबाइलवर ही सोय लॉक स्क्रीनवरही असते, पण ऑफिसच्या एक्स्चेंजवर ती मुद्दाम सेट करून बघावी लागते. आग लागल्यावर कुणी पिन आठवत बसावं का?

मग मोबाइल. इथं दोन रस्ते आहेत. अँड्रॉइडनं एकाच मशीनवर अनेक यूजर ठेवायची सोय टॅब्लेटवर २०१२ मध्ये आणि फोनवर २०१४ मध्ये आणली. प्रत्येकाची वेगळी स्क्रीन, वेगळी अ‍ॅप्स, वेगळे फोटो. सॉल्लिड वाटतं ना? पण फोनच्या सगळ्या कंपन्या ही सोय देत नाहीत. शिवाय स्टोरेज सगळ्यांत वाटलं जातं, त्यामुळं स्वस्तातला फोन हापसायला लागतो. आणि खरी गोम पुढं आहे. दुसऱ्या यूजरला कॉल आणि एसएमएसची परवानगी दिली, की कॉलची आणि एसएमएसची हिस्ट्री सगळ्यांना दिसते. म्हणजे त्या सिमवर आलेला ओटीपीही!

दुसरा रस्ता म्हणजे फोन एकच ठेवायचा, त्यावर फक्त कंपनीची अ‍ॅप्स ठेवायची आणि लॉगिन अ‍ॅपमध्ये करायचं. शिफ्ट सुरू झाली की साइन इन, संपली की साइन आउट. साइन आउट झालं की आधीच्याचं काहीही पुढच्याला दिसत नाही. आम्ही हा रस्ता घेतला. फोन ऑफिसचा असला तर हाच बरा.

पण खरं सांगू? सेटिंगला दोन तास लागले आणि माणसांना दोन दिवस. कारण लॉगिन करायला कुणी विसरत नाही, त्याशिवाय काम होत नाही. विसरतात ते लॉगआउट. सी शिफ्टवाला सकाळी सहाला अर्धवट झोपेत घरी निघतो, त्याला कुठलं आठवतंय? शेवटी काकांनीच तोडगा काढला. इथं शिफ्ट बदलताना ‘चार्ज’ देतात. चाव्या, पावतीपुस्तक, गल्ला हे सगळं पुढच्याच्या हवाली. काका म्हणाले, फोनही चार्जमध्येच घ्या. आधीच्याचं नाव स्क्रीनवर दिसलं तर पुढच्यानं फोन हातात घ्यायचाच नाही! मी वर्कशॉपमध्ये ऐकलेल्या सगळ्या ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’पेक्षा ही आयडिया झक्कास निघाली. सोबतीला दहा मिनिटं फोन पडून राहिला तर आपोआप लॉगआउट, हे मी टाकलं.

आणखी एक गोष्ट मला तिथं कळली. स्क्रीनवरची भाषा. पहिल्या वेळी मी सगळं इंग्रजीत ठेवलं होतं. ‘साइन इन’ आणि ‘साइन अप’मधला फरक मला कळतो, पण रात्री तीन वाजता गाडीच्या नंबरशी झगडणाऱ्याला तो का कळावा? २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतंय? फोन जुने झालेले, सारखे बिघडणारे, आणि पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप इंग्रजीत. तेव्हा शहरातले काही जण म्हणाले होते, ‘यांना टेक्नॉलॉजी नकोच आहे.’ मीही त्यातलाच एक. आता म्हणवत नाही. ज्या बटणाखाली माझं नाव लागणार, त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता यायला नको? आम्ही बटणं मराठीत केली. ‘कामाला सुरुवात’ आणि ‘काम संपलं’.

आणि हो, ‘मंजूर’ एकदा दाबलं की ते बटण फिकं पडतं, ही दुरुस्तीही अ‍ॅपवाल्यांकडून करून घेतली. सगळी चूक माणसाच्या माथी मारायची नसते.

सुरुवातीला पोरांची कुरकुर होतीच. ‘साहेब, हे म्हणजे आमच्यावर नजर ठेवणं झालं.’ मुद्दा खोटा नाही. ज्या लॉगनं काका सुटू शकले असते, त्याच लॉगनं उद्या एखादा मॅनेजर कोण किती वेळ चहाला गेला हेही मोजू शकतो. म्हणून आम्ही ठरवून घेतलं, की लॉगमध्ये फक्त गाडी, रक्कम, वेळ आणि नाव. लोकेशन नाही, कॉलचं रेकॉर्डिंग नाही. आणि प्रत्येकाला स्वतःच्या नोंदी स्वतः बघता आल्या पाहिजेत. माझ्या नावावर काय लिहिलंय, हे पुण्यातल्या अकाउंट्सच्या आधी मला दिसायला हवं. या अटीवर तो डबल-मंजुरीवाला पोरगाच सगळ्यात आधी पिन टाकायला पुढं आला.

जाता जाता, शेअर्ड फोनची छोटी चेकलिस्ट:

– जितकी माणसं तितकी लॉगिन. ‘कॉमन’, ‘ऑफिस’, ‘अ‍ॅडमिन’ असल्या नावांनी रोजचं काम नको.

– पिन १२३४ नको, जन्मसालही नको. आणि फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठी तर नकोच नको!

– शेअर्ड फोनवर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप, बँक किंवा मेल उघडायचा मोह टाळा.

– नवा माणूस आला तर त्याच दिवशी लॉगिन, जुना गेला तर त्याच दिवशी बंद. ‘नंतर करू’ म्हणजे कधीच नाही.

– नेट गेलं तरी लॉगिन होतं का, ते आधी तपासा. नाहीतर पहिल्याच पावसात सगळे पुन्हा एकाच्या नावावर येतील.

– दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणूक करायला वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गंमत नाही ही!

पुण्याला परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? माझा पासवर्ड बदलला. शेजारच्या टेबलावरचे दोघं दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. त्यातला एक काहीच न बोलता उठला, त्याच्या मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. फाडली नाही, खिशात घातली. चालायचंच. एका दिवसात कोण सुधारलंय?

काकांचा अधूनमधून फोन येतो. त्यांच्या स्वतःच्या एक्स्टेंशनवरून, म्हणजे स्क्रीनवर त्यांचं नाव झळकतं. मागच्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमाराला आला. मला वाटलं, काहीतरी अडलं. घाबरतच उचलला.

‘काही नाही गा, असंच केला. चार्ज देऊन राहिलो. आता लॉगआउट करतो, मंग फोन लागणार नाही,’ काका म्हणाले. ‘रात्री कोणी माह्या नावानं काही केलं, तं तो मी नोहे बरं का!’